भूविकासातील पाणीपुरवठा व मलवाहिनी कामांची मंजुरी

भूखंडाचे उपविभाजन करून किंवा त्यावर इमारतींचा समूह उभारून तो वसाहतीस योग्य करताना पिण्याचे पाणी आणण्याची आणि सांडपाणी व मैला वाहून नेण्याची जी कामे करावी लागतात, ती सक्षम प्राधिकरणाकडून तपासून घेऊन त्यांस संमती मिळविण्याची पद्धती. इमारतीच्या नकाशाची मंजुरी ही सामान्यतः लोकांच्या परिचयाची असते. परंतु त्या मंजुरीच्या पोटात जल व मल या दोन विषयांची स्वतंत्र छाननी असते आणि वसाहतीचे आरोग्य मुख्यतः तिच्यावरच अवलंबून राहते. भिंतीतील दोष डोळ्यांस दिसतो व दुरुस्तही करता येतो. जमिनीखाली दीड-दोन मीटरांवर पुरलेल्या नळाचा चुकलेला उतार मात्र रस्ते, कुंपणे व बागा तयार झाल्यानंतर सुधारणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ही छाननी काम सुरू होण्यापूर्वी कागदावर आणि नळ उघडे असताना जागेवर, अशी दोनदा करावयाची असते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील पद्धतीचे विवेचन केले आहे.

कायद्याचा आधार : घर बांधणाऱ्याने गटाराची सोय केलीच पाहिजे, हे तत्त्व इंग्लंडमधील १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमात आले. पटकीच्या साथींनी ते तेथील शासनाच्या गळी उतरविले होते. भारतात मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ हा या विषयावरील महत्त्वाचा कायदा होय. त्याच्या ३४६ व्या कलमान्वये आयुक्त बांधकामाच्या प्रस्तावास ‘नापसंतीची सूचना’ देतात व कोणत्या अटी पूर्ण केल्या असता ही नापसंती दूर होईल ते तीत नमूद करतात. जलअभियंता, मलनिःसारण, पर्जन्यजल निःसारण, कीटकनियंत्रण अशा विभागांच्या अटी याच सूचनेत एकत्र येतात. नापसंतीचा कागद हाती पडल्यावर आनंद व्हावा, असा हा बहुधा एकमेव शासकीय दस्तऐवज असेल. याच अधिनियमाच्या २७० अ या कलमानुसार पुरेशा शुद्ध पाण्याची सोय असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज नवी इमारत वापरात आणता येत नाही, तर ३५३ अ हे कलम बांधकाम पूर्णतेविषयी व भोगवट्याविषयी आहे.

मुंबईबाहेरील महानगरपालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू असून त्याचे २६३ वे कलम पूर्णता प्रमाणपत्राबाबत आहे. भूविकासाची परवानगी सर्वत्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली घ्यावी लागते. कलम ४४ प्रमाणे अर्ज व कलम ४५ प्रमाणे निर्णय असा क्रम आहे. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर नियमांशी सुसंगत अशा प्रस्तावास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. ही मानीव परवानगी बांधकामापुरती उपयोगाची असते. मानीव परवानगीने नळाला पाणी येत नाही. तांत्रिक तपशिलाचे नियम मुंबईत २०१८ मध्ये अंमलात आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत असून उर्वरित राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत नियमावली करण्यात आली. यांखेरीज राष्ट्रीय इमारत संहिता (प्रथम प्रसिद्धी १९७०, अलीकडील आवृत्ती २०१६), भारतीय मानक १९७२ क्रमांकाच्या नव्हे तर ११७२ क्रमांकाच्या संकेतातील मूलभूत गरजा आणि केंद्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेच्या पुस्तिका यांचा आधार संकल्पनासाठी घेतला जातो.

पाण्याची उपलब्धता : छाननीतील पहिला प्रश्न नळाच्या व्यासाचा नसून पाण्याचा असतो. वसाहतीलगतच्या रस्त्यात जलवाहिनी असणे आणि तीत देण्याजोगे पाणी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विकासकाने द्यावयाची माहिती म्हणजे अपेक्षित लोकसंख्या, दैनिक मागणी, भूखंडाची समुद्रसपाटीपासूनची पातळी व जवळच्या वाहिनीपर्यंतचे अंतर. प्राधिकरणाने त्या विभागातील जलकुंभाची धारणक्षमता, वाहिनीतील दाब व आधी दिलेल्या पण अद्याप वापरात न आलेल्या मंजुऱ्या लक्षात घेऊन उत्तर द्यावयाचे असते. यांतील शेवटची बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे. एकाच जलकुंभाच्या भरवशावर दहा प्रस्तावांना निरनिराळ्या वेळी ना हरकत प्रमाणपत्रे दिली गेली, तर प्रत्येक प्रमाणपत्र स्वतंत्रपणे बरोबर आणि सर्व मिळून चुकीची, अशी स्थिती उद्भवते.

शहरांच्या परिघावर ही स्थिती प्रत्यक्षात आली आहे. पुण्याच्या अशा भागांत महापालिकेचे पाणी पोहोचेपर्यंत रहिवाशांना स्वखर्चाने पाणी पुरविण्याचे हमीपत्र विकासकाकडून घेऊन परवानग्या देण्यात आल्या. इमारती विकून विकासक बाजूला झाल्यावर टँकरचा खर्च गृहनिर्माण संस्थांवर पडला. अशा तक्रारींवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुण्यातील बाणेर व बालेवाडी येथे आणि २०१७ मध्ये ठाण्यातील घोडबंदर रस्त्याच्या परिसरात नव्या बांधकामांना काही काळ मनाई केली होती. हमीपत्र हा पाण्याचा स्रोत नव्हे, एवढा साधा मुद्दा त्यामागे होता.

मागणीची आकडेमोड : मलवाहिन्या असलेल्या शहरांत दरडोई दररोज १३५ लि. पाणी धरण्याचा संकेत आहे. महानगरांसाठी १५० लि. धरतात. १३५ लिटरांपैकी ४५ लि. शौचकूपाच्या धावणीसाठी गृहीत असतात. उदाहरणादाखल १२० सदनिकांची वसाहत घेऊ. दर सदनिकेत ५ माणसे धरल्यास लोकसंख्या ६०० व दैनिक मागणी ८१,००० लि. होते. यांतील २७,००० लि. पाणी धावणीचे असल्याने तेवढे संस्कारित सांडपाण्यातून भागविले, तर ताज्या पाण्याची गरज ५४,००० लिटरांवर येते. पुरवठ्याच्या सु. ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परतते असे धरतात. म्हणजे ६४,८०० लि. किंवा सरासरीने सेकंदास ०.७५ लि. परंतु सांडपाणी दिवसभर सारखे वाहत नाही. सकाळी सहा ते नऊ या वेळात त्याचा लोंढा येतो. २०,००० पर्यंतच्या लोकसंख्येसाठी हा कमाल प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरण्याचा प्रघात असल्याने येथे तो सेकंदास २.२५ लि. येतो. मलवाहिनीचे संकल्पन याच आकड्यावर करावयाचे असते.

पाण्याच्या बाजूस दाबाचा विचार करावा लागतो. वाटप वाहिनीत एकमजली घरासाठी ७ मी., दुमजलीसाठी १२ मी. व तीन मजल्यांसाठी १७ मी. इतका शेष दाब असावा, असा संकेत आहे. त्याहून उंच इमारतींना तळटाकी, पंप व गच्चीवरील टाकी यांवाचून गत्यंतर नसते. भारतातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येत असल्याने तळटाकी बैठ्या घरांसही आवश्यक ठरते. वरील वसाहतीस एका दिवसाच्या साठ्यासाठी ८१ घ. मी. धारणक्षमता लागेल, ६ मी. लांब, ६ मी. रुंद व २.२५ मी. पाण्याची खोली असलेली टाकी एवढी होते. अग्निशमनाचा साठा वेगळा ठेवावा लागतो. टाकीचा काठ आवारातील जमिनीपेक्षा उंच आहे ना, झाकण घट्ट बसते ना, वायुवीजन नळाच्या तोंडास बारीक जाळी आहे ना, या गोष्टी किरकोळ वाटतात. परंतु मुंबईत हिवतापाच्या डासांमुळे टाक्यांची या दृष्टीने स्वतंत्र तपासणी होते. मुख्य वाहिनीस थेट पंप जोडण्यास मनाई आहे. त्याने शेजाऱ्यांचे पाणी कमी होते हे खरे. पण मनाईचे मोठे कारण पुढे येईल.

उतार आणि पातळी : पाणी दाबाने वाहते, ते चढणीवरही नेता येते. मलवाहिनी मात्र केवळ गुरुत्वाने चालते. म्हणून मल विभागाच्या छाननीत खरा कस पातळ्यांचा लागतो. वाहितमलातील घन पदार्थ तळाशी बसू नयेत यासाठी कमाल प्रवाहाच्या वेळी तरी वेग सेकंदास ०.६ मी. हून कमी असू नये. यास स्वच्छकारी वेग म्हणतात. उलट तो ३ मी. हून अधिक झाल्यास नळाची झीज होते. सार्वजनिक मलवाहिनीचा व्यास सामान्यतः १५ सेंमी. हून कमी ठेवीत नाहीत. वरील वसाहतीचा २.२५ लि. प्रवाह १५ सेंमी. व्यासाच्या नळातून स्वच्छकारी वेगाने जाण्यास १०० मी. लांबीस सु. १ मी. उतार द्यावा लागतो. या उतारावर तो नळ पूर्ण भरून वाहिला तर सेकंदास सु. १५ लि. वाहून नेईल, म्हणजे प्रत्यक्षात तो बराचसा रिकामाच असतो. हे पाहून उतार कमी करून भरपाईदाखल मोठा नळ घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो घातक आहे. थोडा प्रवाह मोठ्या नळात पसरून अधिकच मंद होतो व मैला साचतो.

आता वसाहतीतील सर्वांत दूरचा चेंबर रस्त्यातील मॅनहोलपासून १८० मी. अंतरावर आहे व जमीन सपाट आहे असे समजू. सुरुवातीस नळाचा तळ जमिनीखाली ०.९ मी. ठेवला, तर रस्त्यापर्यंत १.८ मी. उतरून तो २.७ मी. खोल जातो. रस्त्यातील मॅनहोलचा तळ २ मी. खोल असेल, तर ०.७ मी. कमी पडतात. हे ०.७ मी. नकाशावर शाईच्या रेघेने भरून निघत नाहीत. वसाहतीतील जमीन भराव घालून उंच करणे, दुसऱ्या रस्त्यातील खोल वाहिनी शोधणे, अंतर्गत वाहिनीचा मार्ग आखूड करणे किंवा शेवटचा उपाय म्हणून विहीर बांधून पंपाने उपसणे, एवढेच पर्याय राहतात. पंपाला कायम वीज, देखभाल व पर्यायी यंत्र लागते आणि तो खर्च रहिवाशांच्या माथी कायमचा बसतो. म्हणूनच रस्त्यातील मॅनहोल उघडून त्याची तळपातळी प्रत्यक्ष मोजणे हे अभिन्यास आखण्यापूर्वीचे काम आहे. व्यवहारात बहुधा इमारतींची मांडणी वास्तुशिल्पज्ञ आधी करतो व जलनिःसारणाच्या अभियंत्यास नंतर बोलावले जाते. निम्म्या अडचणी या उलट्या क्रमातून निर्माण होतात. जुन्या नोंदींवर विसंबणेही बरे नव्हे, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि जमिनीपासून मोजलेली खोली बदलते.

दिशा वा उतार बदलतो तेथे, वाहिन्या मिळतात तेथे आणि सरळ वाहिनीवर सु. ३० मी. अंतराने मॅनहोल ठेवतात. वसाहतीच्या प्रारंभीच्या वर्षांत निम्म्या सदनिका रिकाम्या असल्याने प्रवाह अपेक्षेहून फार कमी असतो व वाहिनीचा वरचा भाग तुंबतो. अशा वेळी अधूनमधून पाण्याचा मोठा झोत सोडून ती धुवावी लागते. माणसास आत उतरवून सफाई करण्यास २०१३ च्या अधिनियमाने मनाई आहे. तरीही मैलाटाक्यांत व मॅनहोलमध्ये विषारी वायूने कामगारांचे मृत्यू होत राहिले आहेत. यंत्राने साफ करता येणार नाही अशा जागी चेंबर बांधणे हा संकल्पनातील गंभीर दोष समजला पाहिजे.

पर्जन्यजलाचे पृथक्करण : गच्चीचे व आवारातील पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडण्यास परवानगी नसते. कारण आकड्यांवरूनच स्पष्ट होते. ५,००० चौ. मी. फरसबंद आवारावर तासास ५० मिमी. या वेगाने पाऊस पडला, तर सेकंदास सु. ६९ लि. पाणी जमते, आपल्या वसाहतीच्या कमाल वाहितमलाच्या ते तीसपट आहे. १५ लि. क्षमतेच्या नळात ते शिरले की तळमजल्यावरील शौचकूपांतून उलट वर येते. मुंबई व कोकणात याहून जोराचा पाऊस नवा नाही. एकत्रीकृत नियमावलीनुसार ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची रचना करावी लागते.

जल व मल यांतील अंतर : मंजुरीच्या नकाशात जलवाहिनी निळ्या व मलवाहिनी तांबड्या रेघेने दाखविण्याचा प्रघात केवळ सोयीचा नाही. दोन्ही वाहिन्यांत आडवे अंतर किमान ३ मी. असावे, ते शक्य नसेल किंवा त्या एकमेकींस छेदत असतील, तर जलवाहिनीचा तळ मलवाहिनीच्या माथ्यापासून किमान ०.५ मी. वर असावा, असा संकेत आहे. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि कोणी पंप लावून ओढल्यास तो बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. अशा वेळी सांध्यातील केसाएवढ्या फटीतून भोवतालच्या ओल्या मातीतील मैला आत शोषला जातो व पुढच्या पाळीत पहिल्या पाण्याबरोबर घरोघर पोहोचतो. विषमज्वर, कावीळ व अतिसार यांच्या स्थानिक साथींचा उगम शोधू गेल्यास अनेकदा अशा एखाद्या छेदाशी येऊन थांबावे लागते. ग्राहकाच्या तोटीशी लिटरमागे ०.२ मिग्रॅ. शेष क्लोरीन असावा ही अट अशा थोड्याबहुत दूषणापासून संरक्षण म्हणून आहे. ती मोठ्या गळतीवरचा उपाय नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयां-बारे लक्षणसमूहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कँपिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला व दूषित पाण्याचा संशय घेण्यात आला. त्या परिसरातील काही गावे २०२१ मध्येच महापालिकेत समाविष्ट झाली होती. वसाहती आधी व सार्वजनिक जलव्यवस्था नंतर, असा तेथील क्रम होता.

मलवाहिनी नसलेले क्षेत्र : लगतच्या रस्त्यात मलवाहिनी नसेल, तर लहान इमारतींस मैलाटाकी व शोषखड्डा आणि मोठ्या वसाहतींस वाहितमल संस्करण केंद्र बांधावे लागते. काळ्या मातीत व कातळात शोषखड्डा चालत नाही, हे दख्खनच्या पठारावर विशेष ध्यानात ठेवावे लागते. शोषण चाचणीचा अहवाल म्हणूनच मागतात. २०,००० चौ. मी. वा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरणीय संमती लागते, तसेच जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २५ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्वी एक व चालविण्यापूर्वी एक अशी संमती घ्यावी लागते. केंद्र बांधले जाते. ते चालविले जातेच असे नाही. वीजबिल व प्रशिक्षित चालकाचा पगार वाचविण्यासाठी यंत्रे बंद ठेवून सांडपाणी नाल्यात सोडल्याची उदाहरणे विपुल आहेत. मंजुरीच्या वेळी केंद्राची क्षमता जितक्या कसोशीने पाहतात, तितक्या कसोशीने ते चालविण्याचा मासिक खर्च कोणी मांडून घेत नाही.

कामाची तपासणी व भोगवटा : काम परवानाधारक प्लंबरमार्फत करावयाचे असते. चर बुजविण्यापूर्वी जलवाहिनीची दाबचाचणी घेतात. मलवाहिनीत पाणी भरून गळती पाहतात आणि दोन मॅनहोलांमधील सरळपणा एका टोकास दिवा व दुसऱ्या टोकास आरसा धरून तपासतात. आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले, तर वाहिनी सरळ व मोकळी असते. वर्तुळ कापलेले दिसले, तर नळ कोठेतरी खचला आहे वा आत मसाला राहिला आहे असे समजावे. ही जुनी, फुकटची चाचणी अद्याप विश्वसनीय आहे. मात्र चर बुजल्यानंतर नुसत्या दाखल्यावर सही करण्याची प्रथा पडली की तिचा उपयोग संपतो.

रस्ता खोदाईचे शुल्क भरून जोडणी झाल्यावर जल व मल विभागांचे पूर्णतेचे दाखले मिळतात आणि ते जोडून भोगवटा प्रमाणपत्र मागता येते. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ अन्वये असे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी ताबा देण्यास मनाई असून मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंत पाणीपट्टीसारखे आकार प्रवर्तकाने भरावयाचे असतात. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत आढळलेले बांधकामातील व सेवांमधील दोष विनामूल्य दूर करण्याचे दायित्व त्याच्यावर टाकले आहे.

मोठ्या अभिन्यासांत अंतर्गत रस्ते व त्यांखालील वाहिन्या पुढे स्थानिक संस्थेकडे सोपविण्यात येतात. त्या वेळी मंजूर नकाशा नव्हे, तर प्रत्यक्ष झालेल्या कामाचा पातळ्यांसह नकाशा घेतला पाहिजे. कारण चर खणताना खडक लागतो, मार्ग वळतो, आणि वीस वर्षांनी गळती शोधणाऱ्याच्या हाती तेवढाच कागद असतो. छाननीची ही साखळी मुळातच नसलेल्या वस्त्याही राज्यात पुष्कळ आहेत. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे विकून त्या वसल्या. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ अन्वये विकास आकार घेऊन त्या नियमित करण्याची सोय झाली. तथापि तीन-चार मीटर रुंदीच्या बोळांतून जलवाहिनी, मलवाहिनी व पर्जन्यजल वाहिनी या तिन्ही परस्परांपासून योग्य अंतर राखून नेणे तेथे भूमितीच्याच दृष्टीने शक्य होत नाही. अशा ठिकाणी मलवाहिनी जितकी खोल नेता येईल तितकी नेऊन जलवाहिनी उथळ व पक्क्या सांध्यांची घालणे, एवढीच तडजोड अभियंत्याच्या हाती उरते.